शिल्पकार दावीद दांझे आणि त्यांची ब्राँझची पदके

फ्रान्सच्या पश्चिमेस ल्वार नदीच्या काठी सँ-फ्लोराँ नावाचे लहानसे गाव आहे. 1793 च्या ऑक्टोबर महिन्यात तेथल्या मठाच्या मंदिरात आणि आवारात सुमारे पाच हजार माणसे कोंडून ठेवलेली होती. ते सर्व फ्रान्सच्या नव्या प्रजासत्ताकाचे शिपाई. त्यांना पकडणारे होते व्हाँदे प्रांतातले राजनिष्ठ बंडखोर. शोलेच्या लढाईत बंडखोरांचा पराभव झाला, मागून सरकारी फौज येत होती, आणि नदी ओलांडून पळण्यापूर्वी या कैद्यांवर तोफा डागाव्यात असे संतापलेल्या लोकांच्या मनाने घेतले. त्याच वेळी त्यांचे एक सेनापती, बाँशां, पोटात गोळी लागून शेवटच्या घटका मोजत होते. कैद्यांची गोष्ट कानावर येताच त्यांनी अंथरुणावरून हुकूम दिला की, कैद्यांना जीवदान द्यावे. हुकूम पाळला गेला. पाच हजार माणसे जिवंत बाहेर आली, आणि बाँशां लवकरच वारले.

सुटलेल्या कैद्यांत आंझे शहरचा एक लाकूडकाम करणारा कारागीर होता. पिएर-लुई दावीद त्याचे नाव. त्याच्या पाच वर्षांच्या मुलाने पुढे मोठे होऊन बाँशांची समाधी घडवली. त्या मुलाची ही हकीकत आहे.

पिएर-जाँ दावीद यांचा जन्म आंझे येथे 12 मार्च 1788 रोजी झाला. नाव आपल्याला परके वाटायला नको; इशायाचा पुत्र जो दावीद, त्याचेच हे नाव. परंतु त्या काळी पॅरिसमध्ये जाक-लुई दावीद या नावाचे फार मोठे चित्रकार होते. घोटाळा होऊ नये म्हणून या तरुणाने आपल्या नावापुढे गावाचे नाव जोडले. आपल्याकडे नाशिककर, मिरजकर म्हणतात तसाच हा प्रकार. फ्रेंचांच्या तोंडी ते दावीद दांझे असे झाले.

वडील हाताने कुशल होते, पण राज्यक्रांतीच्या धामधुमीत देवळांची, वाड्यांची कोरीव कामे बंद पडली होती आणि घरात दारिद्र्य होते. ज्या धंद्याने आपल्याला पोटभर दिले नाही त्यात मुलाने पडू नये असे त्यांना वाटे, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणवत नाही. मुलाने मात्र हट्ट सोडला नाही. 1808 मध्ये खिशात थोडेसे पैसे घेऊन तो पॅरिसला गेला. दिवसा कमानींवरच्या नक्षीचे काम मजुरीने करावे आणि उरलेल्या वेळात शिकावे, असा क्रम चालू झाला. रोलाँ नावाच्या शिल्पकारांनी त्याला आपल्या कारखान्यात घेतले. आंझेच्या नगरपालिकेने या गरीब मुलास थोडे वर्षासन बांधून दिले. 1811 मध्ये रोमचे मोठे पारितोषिक त्याला मिळाले, आणि सरकारी खर्चाने पुढील काही वर्षे तो रोममध्ये राहिला. कानोव्हासारखे नामांकित शिल्पकार त्याने तेथे जवळून पाहिले.

या काळाबद्दल अधिक लिहीत नाही. रोममधील अभ्यास, पॅरिसला परत येणे, थोर सेनापती काँदे यांच्या पुतळ्याचे काम हाती येणे, हे सर्व एखाद्या यशस्वी कलावंताच्या आयुष्यात घडते तसेच आहे. रोलाँ वारल्यामुळे ते काम शिष्याकडे आले आणि 1817 च्या प्रदर्शनात त्याने नाव मिळवले. 1826 मध्ये ते फ्रान्सच्या विद्वत्संस्थेचे सभासद आणि कलाविद्यालयात अध्यापक झाले. आपल्याला पाहायचे आहे ते हे की, एवढा मान मिळाल्यावर त्यांनी आपला हात कोणाच्या कामी लावला.

बाँशांची समाधी हे त्यातले पहिले मोठे काम. दावीद हे पक्के प्रजासत्ताकवादी. राजेशाही परत आलेली त्यांना मुळीच रुचली नव्हती. ज्याचे स्मारक करायचे तो मनुष्य राजासाठी लढता लढता मेलेला. तरीही त्यांनी ते काम मनापासून केले. 1825 मध्ये सँ-फ्लोराँच्या त्याच मंदिरात समाधीचे अनावरण झाले. संगमरवरात बाँशां अर्धवट उठून बसले आहेत, अंगावर फारसे वस्त्र नाही, एक हात वर करून ते कैद्यांसाठी क्षमा मागत आहेत. तलवार, टोपी, पदव्या यांना शिल्पकाराने महत्त्व दिले नाही; मरणाऱ्या माणसाचा उचललेला हात तेवढा डोळ्यांत भरतो. पुढच्या पिढ्यांतील राजनिष्ठांनी आणि प्रजासत्ताकवाद्यांनी या समाधीपुढे आपापल्या परीने माना लववल्या. वडिलांचा जीव वाचल्याबद्दल मुलाने फेडलेले हे ऋण होते. मला स्वतःला त्यांच्या सर्व पुतळ्यांत हा एक अधिक मोलाचा वाटतो.

आता पदकांकडे येऊ. पदक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छातीवर लावायचा बिल्ला किंवा शर्यतीत मिळणारे सोन्यारुप्याचे नाणे येते. दावीद यांची पदके तशी नव्हती. एका तळहाताएवढी किंवा त्याहून थोडी मोठी, ब्राँझची गोल चकती. तिच्यावर एका माणसाचा चेहरा एका बाजूने दिसेल असा उठावात काढलेला. शेजारी त्या माणसाचे नाव आणि शिल्पकाराची सही. नाणी ठशाने ठोकून पाडतात, पण ही पदके ओतीव होती. दावीद पाटीच्या दगडावर मेण घेत आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यात बोटांनी व लहानशा कोरणीने उठवत. त्या मेणावरून प्लास्टरचा साचा निघे, आणि मग ओतारी वाळूच्या साच्यात ब्राँझ ओतून पदक काढत. एका साच्यावरून अनेक प्रती काढता येत. पुतळ्याला हजारो फ्रँक लागतात, सरकार लागते, चौक लागतो. पदक मात्र मध्यम स्थितीतील माणसाच्या घरी भिंतीवर लागू शकते, टपालाने परदेशी पाठवता येते, आणि सरकारला नको असलेला चेहराही त्यावर ठेवता येतो. शेवटची गोष्ट दावीद यांनी चांगली ओळखली होती.

रोममध्ये असताना एका संगीतकार मित्राचे पदक त्यांनी केले, तेथून ही सवय लागली आणि सुमारे चाळीस वर्षे टिकली. पाचशेहून अधिक पदके त्यांच्या हातून झाली. व्हिक्टर ह्यूगो, बाल्झॅक, पॅगनिनी, जॉर्ज साँ अशी त्या युगातील मोठमोठी माणसे त्यांत आहेत. पुष्कळदा ते या कामाचा एक पैसाही घेत नसत. 1829 मध्ये ते वायमारला जर्मन कवी गटे यांच्याकडे गेले आणि त्यांचे मस्तकशिल्प केले. पाच वर्षांनी पुन्हा जर्मनीत जाऊन ड्रेस्डेन, बर्लिन येथील लेखक, चित्रकार, शास्त्रज्ञ यांचे चेहरे मेणात उतरवून आणले. ड्रेस्डेनमध्ये ज्यांच्याकडे लोक फारसे लक्ष देईनासे झाले होते त्या फ्रीड्रिख या निसर्गचित्रकाराला त्यांनी शोधून काढले, हे त्यांच्या स्वभावाला शोभण्यासारखेच होते.

मात्र यात एक खोड होती, ती सांगितली पाहिजे. कवटीच्या आकारावरून माणसाची बुद्धी व शील ओळखता येते अशी एक समजूत त्या काळी युरोपात फैलावली होती. दावीद तिच्या नादी लागले होते, आणि म्हणून थोर माणसांची कपाळे त्यांनी आहेत त्याहून प्रशस्त केलेली दिसतात. ते शास्त्र पुढे खोटे ठरले.

थोरांच्या या मेळाव्यात काही चेहरे वेगळ्या कारणाने आले. 1822 साली ला रोशेल येथील पलटणीतील चार तरुण हवालदारांना राजाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पकडले. प्रत्यक्षात बंड झाले नव्हते, कोणाचे रक्त सांडले नव्हते. गुप्त मंडळीत सामील होणे एवढाच त्यांचा अपराध. 21 सप्टेंबर रोजी पॅरिसच्या भर चौकात चौघांची डोकी उडवली गेली. दावीद यांनी या चौघांच्या स्मरणार्थ पदक केले. फ्रान्सचे राष्ट्रगीत रचणारे रूजे द लील म्हातारपणी कर्जाने गांजले, तेव्हा त्यांची प्रतिमा करून दावीद यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा त्यांच्या मदतीस दिला. 1846 मध्ये ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिसिया प्रांतात शेतकऱ्यांनी पोलिश जमीनदारांची घराणीच्या घराणी कापून काढली आणि या कत्तलीला ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांची फूस असल्याचा बोभाटा झाला, तेव्हाही त्यांनी निषेधाचे पदक काढले. पोलंडच्या स्वातंत्र्याची त्यांना कळकळ होती हे खरे, पण वेठबिगारीखाली पिचलेल्या त्या शेतकऱ्यांची बाजूही होती, आणि ती ब्राँझच्या एका चकतीत मावली नाही असे मला वाटते.

गुलामगिरीचा प्रश्न हा त्यांच्या जिव्हाळ्याचा. फ्रान्सने 1794 मध्ये आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद केली आणि 1802 मध्ये नेपोलियनने ती पुन्हा चालू केली. एकदा सुटलेल्या माणसाला पुन्हा बेडी घालण्याचा हा प्रकार होता. त्याविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिलेले आंरी ग्रेग्वार हे कॅथलिक धर्मगुरू. यहुदी आणि काळे लोक यांना समान हक्क असावेत म्हणून ते झटले. राज्यक्रांतीच्या वेळी त्यांनी जी शपथ घेतली होती ती मागे घ्यावी, असा त्यांच्या वरिष्ठांचा आग्रह होता. त्यांनी ती घेतली नाही म्हणून 1831 मध्ये मरणसमयीचे विधी त्यांना नाकारण्याचा हुकूम निघाला. राजदरबारात आणि चर्चच्या वरिष्ठांत अशा माणसाचे नाव काढणेही गैर समजले जाई. त्यांच्या हयातीतच, 1828 मध्ये, दावीद यांनी त्यांचे पदक केले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या लेखिका अमेलिया ओपी पॅरिसला आल्या. त्या क्वेकर पंथाच्या, साध्या पोशाखात वावरणाऱ्या, गुलामांच्या मुक्तीसाठी लेखणी झिजवणाऱ्या. क्वेकर बायकांची ती साधी टोपी घातलेला त्यांचा चेहराही या संग्रहात आहे.

पदकांवर जे थोडक्यात होते ते स्ट्रासबुर शहरात विस्ताराने दिसले. मुद्रणकलेचा जनक गुटेनबर्ग माइन्झला परतण्यापूर्वी काही वर्षे स्ट्रासबुरला राहिला होता. म्हणून त्या शहराने त्याचा पुतळा उभारायचे ठरवले आणि काम दावीद यांच्याकडे आले. 1840 च्या जून महिन्यात मोठ्या उत्सवात त्याचे उद्घाटन झाले. गुटेनबर्ग आपल्या दाबयंत्राजवळ उभा आहे आणि नुकताच छापून निघालेला कागद हातात धरून दाखवत आहे. त्या कागदावर उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील, प्रकाश झाला त्या वचनाचे शब्द फ्रेंच भाषेत आहेत. ज्याने पहिले मोठे पुस्तक म्हणून बायबल छापले, त्याच्या हाती हाच कागद योग्य होता. गोव्यात 1556 मध्ये भारतातील पहिला छापखाना आला, तो गुटेनबर्गच्या बायबलानंतर शंभर वर्षांनी.

पुतळ्याच्या चौथऱ्यावर चार बाजूंना ब्राँझचे चार मोठे देखावे आहेत, जगाच्या चार खंडांसाठी एकेक. अमेरिकेच्या देखाव्यात दाबयंत्रातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघत आहे. फ्रँकलिन, वॉशिंग्टन, लाफायेत आहेत. आफ्रिकेच्या देखाव्यात विल्यम विल्बरफोर्स दाबयंत्राला टेकून एका आफ्रिकन माणसाला छातीशी धरून उभे आहेत, आणि त्या माणसाच्या हातात पुस्तक आहे. टॉमस क्लार्कसन एका गुलामाच्या बेड्या तोडत आहेत. त्यांच्यामागे ग्रेग्वार एका काळ्या माणसाला हात देऊन उठवत आहेत. स्त्रिया आपली लेकरे आकाशाकडे उंचावत आहेत, आणि जमिनीवर तुटलेल्या साखळ्या व चाबूक पडले आहेत. वाचकांनी साल लक्षात घ्यावे. 1840. इंग्लंडच्या वसाहतींतील गुलाम सुटले होते. फ्रान्सच्या मार्टिनिक, ग्वादलूप या बेटांवर उसाच्या मळ्यांत ते अजून राबत होते आणि आणखी आठ वर्षे राबणार होते. फ्रान्सच्या भूमीवर, भर चौकात, जे अजून झाले नव्हते ते झाल्यासारखे दाखवणे हा सरकारला दिलेला टोमणाच होता.

आज त्या देखाव्याकडे पाहिले की दुसरीही एक गोष्ट मनात येते. देणारे हात सगळे गोऱ्यांचे, घेणारे सगळे काळ्यांचे. हायती बेटावरच्या गुलामांनी स्वतःच्या हाताने बेड्या तोडल्या त्याला तेव्हा पन्नास वर्षे होत आली होती. दावीद यांचे मन मोठे होते, पण तेही आपल्या काळाचेच होते.

आशियाचा देखावा आपल्या लोकांनी विशेष पाहावा असा आहे. तेथे सर विल्यम जोन्स आणि आंकेतील-द्युपेराँ हे ब्राह्मणांना छापील पुस्तके देत आहेत आणि ब्राह्मण त्यांना आपली हस्तलिखिते देत आहेत. म्हणजे या बाजूला निदान देवघेव आहे. जोन्स कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक. आंकेतील हे फ्रेंच. त्यांनी सुरतेला पारशी दस्तुरांपाशी बसून अवेस्ताचा अभ्यास केला आणि 1771 मध्ये त्याचे भाषांतर फ्रान्समध्ये छापले. याच देखाव्यात तुर्कस्तानचा सुलतान वर्तमानपत्र वाचताना दाखवला आहे, आणि राजा राममोहन रायही आहेत. सतीच्या चालीविरुद्ध त्यांनी केलेले काम सर्वांना ठाऊक आहे. येशूच्या उपदेशवचनांचा संग्रह त्यांनी 1820 मध्ये काढला आणि त्यावरून श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांशी त्यांचा मोठा वाद झाला, हेही आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. 1833 मध्ये ते ब्रिस्टल येथे वारले. सात वर्षांनी स्ट्रासबुरच्या चौकात ब्राँझमध्ये त्यांना जागा मिळाली.

राहिला युरोपचा देखावा, आणि वाद झाला तो यावरच. दावीद यांनी त्यात मार्टिन ल्यूथर यांना ठळक जागा दिली होती. छापखान्याचा इतिहास सांगायचा आणि ल्यूथरना वगळायचे हे शक्य नाही असे त्यांना वाटले असावे. स्ट्रासबुर हे दोन्ही पंथांचे शहर. कॅथलिक मंडळींनी जोराचा आक्षेप घेतला, शहरात कडवटपणा वाढू लागला. शेवटी देखावा बदलावा लागला आणि ल्यूथर तेथून गेले. आपल्याला याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हेही विसरू नये की, याच चौथऱ्याच्या दुसऱ्या बाजूला ग्रेग्वार हे कॅथलिक धर्मगुरू उभे आहेत आणि त्यांच्या शेजारी इंग्लंडचे दोन प्रॉटेस्टंट. गुलामाला उठवण्याच्या कामी ते एकत्र येऊ शकले.

ल्यूथरच्या बाबतीत दावीद नमले, पण सर्वत्र ते नमले नाहीत. पॅरिसच्या पँथिऑन इमारतीवरील त्रिकोणी भागाचे शिल्प 1830 च्या क्रांतीनंतर त्यांच्याकडे सोपवले होते. मातृभूमी आपल्या थोर पुत्रांना मुकुट वाटत आहे असा तो देखावा. एका बाजूला विद्वान, लेखक, राजकारणी. दुसऱ्या बाजूला शिपाई. शिपायांत बोनापार्त एकटा ओळखू येतो, बाकीचे सारे निनावी आहेत, आणि त्यांत एक लहान ढोल वाजवणारा पोरगाही आहे. सरकारचा रंग पालटला तसे मंत्र्यांना त्यातील लाफायेत नकोसे झाले. ते काढून टाका असा आग्रह धरला गेला. व्होल्तेर आणि रूसो यांच्यामुळे आर्चबिशपही रागावले होते. दावीद यांनी एकही चेहरा बदलला नाही. अखेर 1837 मध्ये काही समारंभ न करता लाकडी पराती खाली उतरवण्यात आल्या आणि लोकांनी शिल्प पाहिले.

1848 मध्ये राजा पळाला आणि प्रजासत्ताक आले. साठ वर्षांचे दावीद पॅरिसच्या एका विभागाचे नगराध्यक्ष झाले आणि आपल्या जिल्ह्यातर्फे घटनासभेवर निवडून गेले. त्याच वर्षी, 27 एप्रिल रोजी, फ्रान्सने गुलामगिरी कायमची रद्द केली. स्ट्रासबुरचा देखावा निदान एवढ्यापुरता खरा ठरला.

हे दिवस टिकले नाहीत. 1851 च्या डिसेंबरात लुई नेपोलियनने सत्ता बळकावली, दावीद पकडले गेले आणि देशाबाहेर घालवले गेले. प्रथम ते बेल्जियममध्ये राहिले, मग 1852 मध्ये मुलीला घेऊन ग्रीसला गेले. तेथे जाण्यास एक कारण होते. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात पडलेला वीर मार्को बोत्सारिस याच्या मिसोलोंगी येथील थडग्यासाठी त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी एक मूर्ती करून ती ग्रीक लोकांना भेट दिली होती. एक लहान मुलगी थडग्याच्या दगडावर ओणवी पडून वीराच्या नावाची अक्षरे बोटाने गिरवत आहे, अशी ती मूर्ती. वाचायला नुकतीच शिकू लागलेली ती मुलगी म्हणजे नवा ग्रीस. स्वतःच्या सर्व कामांत ही मूर्ती त्यांना फार प्रिय होती. हद्दपारीत, थकलेल्या शरीराने ते मिसोलोंगीला पोहोचले तेव्हा मूर्तीची मोडतोड झालेली त्यांना आढळली. ज्या लोकांसाठी भेट म्हणून पाठवली त्यांच्याच गावात तिची ही दशा पाहून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुढे परत येण्याची परवानगी मिळाली. पण प्रकृती ढासळली होती, हात पूर्वीसारखा चालत नव्हता. 1856 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला, आणि पेर-लाशेझ दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्या दफनभूमीतील अनेक थडग्यांवरची शिल्पे त्यांच्याच हातची आहेत.

ज्या आंझेच्या नगरपालिकेने त्यांना विद्यार्थी असताना वर्षासन दिले होते तिला त्यांनी आयुष्यभर आपल्या कामांच्या प्लास्टरच्या मूळ प्रती पाठवल्या. त्यांच्या हयातीतच, 1839 मध्ये, तेथे त्यांच्या नावाचे दालन उघडले होते. पुढे शहराने तूसँ मठाचे छप्पर कोसळलेले जुने मंदिर दुरुस्त केले, त्यावर काचेचे छत चढवले, आणि 1984 मध्ये ही सर्व शिल्पे तेथे हलवली. गुटेनबर्ग तेथे आहे, हात उचललेले बाँशांही आहेत, आणि वरच्या काचेतून येणारा उजेड त्यांच्यावर पडतो.